राजीनामा आणि बडतर्फी: एकसारखे दिसणारे दोन कागद

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचा वरिष्ठ अधिकारी पद सोडतो तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत पायउतार, गच्छंती, हकालपट्टी, उचलबांगडी असे शब्द जवळपास आलटून पालटून वापरले जातात. खुर्ची रिकामी झाली एवढेच त्यांतून कळते. ती राजीनाम्याने रिकामी झाली की बडतर्फीने, हे त्यांतून कळत नाही, आणि पुढची बरीचशी भांडणे नेमकी त्याच मुद्द्यावर होतात.

राजीनाम्यात नोकरीचा करार अधिकारी स्वतः संपवतो. बडतर्फीत तो कंपनी संपवते, आणि तेही अधिकाऱ्यावर गैरवर्तनाचा किंवा कर्तव्यातील गंभीर हयगयीचा ठपका ठेवून. ठपका न ठेवता, केवळ ‘आता तुमची गरज नाही’ असे सांगून केलेली सेवासमाप्ती ही या दोन्हींहून वेगळी. (आपल्याकडे सरकारी नोकरीतही ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या वेगवेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीनंतर पुन्हा सरकारी नोकरी मिळण्याची वाट बंद होत नाही, दुसरीनंतर ती सामान्यतः बंद होते.) अमेरिकी कंपन्यांच्या करारांत आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे सबळ कारणास्तव दिलेला राजीनामा. कंपनीने पद, पगार किंवा अधिकार कमी केले, किंवा मालकी बदलून पदाला अर्थच उरला नाही, तर अधिकाऱ्याने दिलेला राजीनामा हा ठपक्याविना झालेल्या सेवासमाप्तीसारखाच धरला जातो आणि ठरलेला मोबदला त्याला द्यावा लागतो.

हा मोबदला लहान नसतो. या अधिकाऱ्यांच्या उत्पन्नात रोख पगाराचा वाटा थोडा आणि शेअरचा वाटा मोठा असतो, आणि ते शेअर काही वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात पडतात. सबळ कारणास्तव राजीनामा दिला तर न मिळालेल्या हप्त्यांची भरपाई करारानुसार मागता येते, बडतर्फी झाली तर तो हक्कच जातो. त्यामुळे कागदावर कोणता शब्द आहे आणि तो कोणी आधी लिहिला, यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात.

‘आधी’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायला हवा. २७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरचा ट्विटर खरेदीचा व्यवहार पूर्ण केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण होईल अशी सर्वांची समजूत होती. मस्क यांच्या चरित्रात दिल्याप्रमाणे, मालकी बदलल्याचे कारण देणारे राजीनाम्याचे पत्र मुख्य कार्यकारी अधिकारी पराग अग्रवाल यांच्याकडे तयार होते. पण कंपनीचा ईमेल बंद झाल्यामुळे ते पत्र खासगी जीमेलवर आणण्यात काही मिनिटे गेली आणि तेवढ्यात बडतर्फीचा कागद निघाला. आयआयटी मुंबईत शिकलेल्या संगणकतज्ज्ञाचे पत्र ईमेलपाशी अडकावे, हा योगायोग विचित्रच म्हणायचा.

मार्च २०२४ मध्ये अग्रवाल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील न्यायालयात मिळून १२.८ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा दाखल केला. त्यांत अग्रवाल यांचा वाटा सुमारे ५.७४ कोटी डॉलरचा होता. बडतर्फीसाठी दाखवलेली कारणे बनावट असून मोबदला बुडवण्यासाठीच ती लिहिली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा वाद तडजोडीने मिटला. तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. वाद कुठे होता, हे नीट पाहण्यासारखे आहे. अग्रवाल त्या रात्री जाणार, हे दोन्ही बाजूंना मान्यच होते. भांडण फक्त जाण्याच्या प्रकाराबद्दल होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इन्फोसिसमध्ये सापडते. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीचे मुख्य वित्तीय अधिकारी राजीव बन्सल ऑक्टोबर २०१५ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. राजीनामा दिला म्हणजे नोटीस पिरियडचा पगार, ग्रॅच्युइटी आणि निरोप, एवढीच आपली कल्पना असते. प्रत्यक्षात २४ महिन्यांच्या पगाराइतके, म्हणजे १७.३८ कोटी रुपये देण्याचे ठरले होते. सुमारे ५.२ कोटी दिल्यावर कंपनीने पुढची रक्कम रोखली. स्वतःहून जाणाऱ्या माणसाला इतके पैसे कशासाठी, ही तोंड बंद ठेवण्याची किंमत तर नव्हे, अशी शंका संस्थापक नारायण मूर्ती यांनी जाहीरपणे घेतली. त्या वादात मूर्ती आणि संचालक मंडळ यांच्यातील दरी वाढत गेली. १८ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला, तेव्हा मंडळाने त्याचा दोष उघडपणे मूर्तींवर टाकला, आणि त्या दिवशी शेअर जवळपास १० टक्क्यांनी कोसळला. बन्सल यांच्याबाबतीत मात्र लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये उरलेले १२.१७ कोटी रुपये व्याजासह देण्याचा निर्णय दिला. मूर्तींचा प्रश्न नैतिक दृष्टीने रास्त होता असे मला वाटते. पण तो मोबदला ज्यांनी कबूल केला त्यांना विचारायचा होता. करार झाल्यावर ते पैसे अडवण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नव्हता.

म्हणून राजीनामा म्हणजे स्वखुशी आणि काढणे म्हणजे गुन्हा, ही दोन्ही अनुमाने घाईची आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना, ते मंडळाशी सातत्याने मोकळेपणाने बोलत नाहीत, असे सांगून काढले, आणि पाच दिवसांत ते त्याच पदावर परत आले.

स्टीव्ह जॉब्स यांना ॲपलने काढले, हे वाक्य तर पाठच झालेले आहे. मे १९८५ मध्ये संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन स्कली यांची बाजू घेतली आणि जॉब्स यांच्याकडून मॅकिंटॉश विभाग काढून घेतला गेला. अध्यक्षपद नावापुरते राहिले. कंपनी त्यांनी सोडली ती १७ सप्टेंबरच्या राजीनामापत्राने. आजच्या करारभाषेत हा सबळ कारणास्तव दिलेला राजीनामा ठरला असता. वीस वर्षांनी स्टॅनफर्डच्या पदवीदान समारंभात बोलताना मात्र खुद्द जॉब्स यांनीही ‘मला काढून टाकले’ असेच म्हटले.