फायब्रोमायल्जियातील निद्रानाश

फायब्रोमायल्जिया या दीर्घकालीन दुखण्यात झोप न लागणे, लागली तरी सारखी मोडणे आणि पुरेसे तास झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखे वाटणे, या तक्रारी मिळून हा निद्रानाश होतो. तिन्हींपैकी तिसरी तक्रार या आजाराची खास खूण आहे. साधा निद्रानाश असलेला माणूस ‘डोळ्याला डोळा लागला नाही’ म्हणतो. फायब्रोमायल्जियात ‘झोपले होते, पण झोप झाली नाही’ असे ऐकू येते. रुग्णांत स्त्रिया अधिक असल्याने हे वाक्य बहुधा स्त्रीलिंगीच असते.

या आजाराचे प्रमाण लोकसंख्येत साधारण २ ते ४ टक्के मानले जाते. अंगभर पसरलेले, तीन महिन्यांहून जास्त टिकणारे दुखणे, न सरणारा थकवा आणि बोलताबोलता शब्द हरवणे ही त्याची मुख्य लक्षणे. सांध्यांना सूज नसते. रक्ताचे अहवाल आणि एमआरआय बहुधा नॉर्मल येतात. बिघाड स्नायूंपेक्षा वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत असतो, त्यामुळे इतरांना जो नुसता दाब वाटतो तो इथे ठणका होऊन पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात याची गणना दीर्घकालीन प्राथमिक वेदनांमध्ये होते. घरात मात्र ‘रिपोर्टमध्ये काही निघालं नाही ना, मग झालं तर’ एवढ्यावर विषय संपतो.

झोपेत काय घडते

गाढ झोपेत मेंदूतील विद्युत्‌लहरी संथ आणि उंच होतात, सेकंदाला ४ किंवा त्याहून कमी. यांना डेल्टा लहरी म्हणतात. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसात दिसणाऱ्या अल्फा लहरी बऱ्याच वेगवान असतात, सेकंदाला ८ ते १३. टोरांटो येथील हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख काढले. तेव्हा या दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हणत. आलेखात डेल्टा लहरींच्या अंगावर अल्फा लहरी चढलेल्या आढळल्या. सगळे गाव झोपलेले आणि जागल्या मात्र रात्रभर काठी आपटत फिरतो आहे, असा हा प्रकार.

याच गटाने निरोगी स्वयंसेवकांवर उलटा प्रयोग केला. ते गाढ झोपेत शिरू लागले की आवाज करून त्यांना हलक्या झोपेत आणायचे. काही रात्रींतच त्यांचेही अंग दुखू लागले आणि दाबल्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखू लागले. नंतर शांत झोप मिळाल्यावर हा त्रास ओसरला. अल्फा लहरींची ही घुसखोरी प्रत्येक रुग्णात सापडत नाही आणि काही निरोगी माणसांतही सापडते, म्हणून ती निदानाची चाचणी होऊ शकली नाही. पण ‘झोप झाली नाही’ ही तक्रार मनाचा खेळ नाही, हे तेव्हाच पुढे आले होते.

तरीही निदानाच्या नियमांत झोप यायला पस्तीस वर्षे लागली. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९० च्या निकषांत डॉक्टरने अंगठ्याने दाबून पाहायच्या १८ जागा होत्या. अंगभर दुखण्यासोबत त्यांतल्या ११ दुखल्या की निदान पक्के. त्यात झोपेला एकही गुण नव्हता. २०१० च्या निकषांत ही दाबादाबी गेली. तिच्या जागी शरीराच्या १९ भागांतील दुखण्याची मोजणी आली, आणि थकवा, ताजेतवाने न वाटता उठणे व विसराळूपणा या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३ गुण आले.

आधी काय, दुखणे की झोपमोड

रुग्ण आणि घरचे यांचा सरळ समज असतो की दुखते म्हणून झोप येत नाही. दुखणे थांबले की झोप आपोआप येईल. हा समज अर्धाच खरा आहे आणि त्याने उपचाराचा बराच वेळ वाया जातो. नॉर्वेत १२ हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे १० वर्षे पाहणी झाली. सुरुवातीला ज्यांची झोप वरचेवर बिघडत होती त्यांना पुढे फायब्रोमायल्जिया होण्याचा धोका जास्त होता, आणि झोपेची तक्रार जितकी वारंवार तितका तो अधिक होता. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अमेरिकेतील एका प्रयोगात (२००७) निरोगी स्त्रियांच्या एका गटाला रात्रीतून अनेकदा उठवले; दुसऱ्या गटाला तेवढीच झोप दिली, पण सलग. शरीराची स्वतःची वेदना दाबण्याची यंत्रणा पहिल्या गटात ढिली पडली, दुसऱ्यात नाही. रोजच्या व्यवहाराला यातून हाती लागते ते असे: नऊ तास तुटक पडून राहण्यापेक्षा सहा तास सलग झोप मोलाची. तेव्हा झोपेला दुखण्याचे शेपूट न मानता वेगळी तक्रार म्हणून हाताळावे लागते.

अंथरुणातला वेळ

निद्रानाशावरचा पहिल्या पसंतीचा उपचार गोळी नाही. विचार आणि सवयी बदलणारी, साधारण सहा ते आठ भेटींची एक मानसोपचारपद्धती त्यासाठी आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीबीटी-आय म्हणतात. २००५ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या ४७ रुग्णांवर तिची चाचणी झाली. रात्री जागे राहण्याचा त्यांचा वेळ जवळपास निम्म्यावर आला; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फारसा फरक पडला नाही. दुखण्यावरचा परिणाम मात्र झोपेवरच्या परिणामापेक्षा बेताचाच असतो, आणि हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात वहीपासून होते. किती वाजता आडवे झालो, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, अंथरूण कधी सोडले आणि उठल्यावर अंग कसे होते, एवढे दोन आठवडे लिहायचे. मध्यरात्री घड्याळ पाहून नव्हे, सकाळी चहाच्या वेळी अंदाजाने. समजा, एखादी बाई रात्री १० ला पडते, सकाळी ७ ला उठते आणि वहीप्रमाणे त्यात साडेपाच तास झोपते. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी ६१ टक्केच झोप. उरलेले साडेतीन तास कूस बदलण्यात, उद्याच्या कामाच्या काळजीत आणि मोबाइलवर जातात. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, असे शरीर शिकून बसते. म्हणून ही वेळ आवळतात: रात्री साडेबाराला आडवे व्हायचे, सकाळी ६ ला उठायचे, रविवारीसुद्धा. आठवडाभर हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर राहिले की पंधरा मिनिटे वाढवायची. पाच तासांच्या खाली कोणालाच उतरवत नाहीत.

फायब्रोमायल्जियात ही पद्धत जशीच्या तशी झेपत नाही. पहिल्या एकदोन आठवड्यांत झोप आणखी कमी होते, आणि आधीच ठणकणाऱ्या शरीराला ते महागात पडते. त्यामुळे काही तज्ज्ञ वेळ एकदम न आवळता दर आठवड्याला थोडी थोडी कमी करतात. अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी विकार (बायपोलर) असलेल्यांनी आणि वाहन चालवणे हाच व्यवसाय असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

दुसरा नियम असा की वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे. हा नियम बनवणाऱ्यांच्या मनात मोठे घर असावे. चाळीत किंवा एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जिथे बाहेरच्या खोलीत सासरे झोपलेले असतात, तिथे जायचे कुठे? शिवाय आखडलेले अंग रात्री दोनदा जमिनीवरच्या गादीवरून उचलणे हीच एक शिक्षा. व्यवहारात स्वयंपाकघरात एक पाठ असलेली खुर्ची, शाल आणि मंद दिवा संध्याकाळीच मांडून ठेवतात. तेही शक्य नसेल तर पलंगावरच टेकून बसतात. झोपायची स्थिती आणि जागायची स्थिती वेगळी राहिली तरी बराच हेतू साधतो.

दुपारच्या झोपेबद्दलही थोडी सवलत द्यावी लागते. थकव्याने डोळे मिटतच असतील तर तीनच्या आत, गजर लावून, वीस मिनिटे. जेवणानंतर पाचपर्यंत लागलेली झोप रात्रीच्या खात्यातून वजा होते.

दिवसाचे काम, रात्रीची झोप

युरोपीय संधिवात संघटनेने २०१७ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळालेला उपाय एकच आहे: व्यायाम. त्याने दुखणे हलके होते आणि झोपेलाही मदत मिळते. बॉस्टनमध्ये ६६ रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे ताई ची या संथ चिनी व्यायामाने झोपेचा दर्जा सुधारला. चालणे, पाण्यातले व्यायाम, सोपी योगासने यांतले जे टिकेल ते चालते. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. पहिल्या आठवड्यात दुखणे थोडे वाढते आणि नेमके तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

खरी गोची बऱ्या दिवसांची असते. दिवाळीच्या आधी एके सकाळी अंग हलके वाटते, म्हणून माळे काढले जातात, डबे घासले जातात, भाजणीही भाजून होते. त्या रात्री इतके थकूनही झोप येत नाही, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. दिवसाच्या त्या पडून राहण्याने पुढच्या रात्रीही बिघडतात. यावर उतारा म्हणजे कामाचे तुकडे: बरे वाटले तरी एक माळा, वाईट वाटले तरी एक डबा.

झोपण्याआधी तासदीड तास ऊन पाण्याने अंघोळ केली तर दोन फायदे होतात. आखडलेले स्नायू सैल पडतात, आणि नंतर शरीराचे तापमान उतरू लागते, जी झोप येण्याची नैसर्गिक खूण आहे. चहा-कॉफीतल्या कॅफीनचे प्रमाण निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात, त्यामुळे सहाचा चहा अकराला अर्धा शिल्लक असतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमध्ये एक उशी घेतली तर कमरेवरचा ताण घटतो. सहाणेवर दोन वेढे उगाळलेले जायफळ दुधातून घेण्याची रीत घरोघरी आहे. तेवढ्याने अपाय होत नाही, आणि झोपण्याआधी स्वस्थ बसण्याचा एक ठरलेला विधी म्हणून ती चांगलीच आहे. पण चमच्याने जायफळ पूड घेणे विषारी ठरू शकते.

झोपमोडीची दुसरी कारणे

सगळे खापर फायब्रोमायल्जियावर फोडले की सहज बरे होण्यासारखे काही निसटते. रात्री आडवे होताच पोटऱ्यांत मुंग्या किंवा ओढ जाणवणे आणि पाय हलवल्यावरच बरे वाटणे, हा अस्वस्थ पायांचा विकार या रुग्णांत बराच अधिक आढळतो. शरीरातला लोहसाठा कमी असणे हे त्याचे एक कारण. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) नोंदले गेले, हे पाहता फेरिटिन, म्हणजे रक्तातून लोहसाठा दाखवणारे प्रथिन, तपासून घेणे अगदीच रास्त ठरते. या विकारात ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात, मग हिमोग्लोबिन नॉर्मल का असेना. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे दिसले तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास, लहरी वगैरे नोंदवणारी रात्रभराची तपासणी) करून घ्यावी. थायरॉइड, नैराश्य आणि रजोनिवृत्तीच्या काळात रात्री घाम फुटून येणारी जाग, हीही नेहमीची कारणे.

औषधे

मूळचे नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन, कमी मात्रेत, सर्वांत जुने आणि स्वस्त. बहुधा १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करतात आणि झोपण्याच्या एकदोन तास आधी देतात, म्हणजे सकाळची गुंगी कमी राहते. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, वजन वाढू शकते. अस्वस्थ पायांचा त्रास याने वाढूही शकतो, म्हणून वर सांगितलेली तपासणी आधी हवी. मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या प्रीगॅबॅलिनने झोप सलग व्हायला मदत होते, पण चक्कर आणि पायांना सूज येऊ शकते. नैराश्य आणि वेदना दोन्हींवर देतात त्या ड्युलॉक्सेटिनने काहींची झोप उडते. अशांनी ते रात्री घेत असल्यास सकाळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेत झोपताना जिभेखाली ठेवायच्या सायक्लोबेंझाप्रिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या गोळीला फायब्रोमायल्जियासाठी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. तुटक झोपेवर काम करून दुखणे कमी करावे, या हेतूनेच ती बनवली आहे.

चिंता शमवणारे अल्प्राझोलाम आणि झोपेचे झोल्पिडेम या गोळ्या भारतात एच-१ अनुसूचीत येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. अल्प्राझोलामची सवय लागते आणि त्याने गाढ झोप उलट घटते. झोल्पिडेममुळे झोपेत चालणे, स्वयंपाक करणे यांसारखे प्रकार घडू शकतात, म्हणून अमेरिकेत २०१९ पासून त्यावर ठळक चौकटीत इशारा छापतात. दोन्ही गोळ्यांचा दुखण्यावर उपयोग नाही. महिनोन्‌महिने अल्प्राझोलाम घेत असलेल्यांनी ते एकदम थांबवू नये. मात्रा आठवड्याआठवड्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावी लागते.