डार्टमूरचा बंद लोहमार्ग आणि डबे शोधण्याचा नाद

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूरचा उघडाबोडका माळ आहे. येल्व्हर्टनहून प्रिन्सटाउनला जाणारी गाडी या माळावरून वळसे घेत धावायची. मार्च १९५६ मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले गेले. उरलेल्या सपाट वाटेवर आता पायी भटकणारे, सायकलवाले आणि जीपीएसवर आकडे टाकून डबे हुडकणारे जिओकॅशर दिसतात.

हा मार्ग मुळात प्रवाशांसाठी नव्हताच. थॉमस टिरविट यांनी १८२३ मध्ये इथे घोड्यांनी ओढायचा मार्ग सुरू केला, तो खाणीतला ग्रॅनाइट प्लिमथकडे उतरवायला आणि येताना कोळसा, चुना वर आणायला. रूळ ठोकण्यासाठी भोकं पाडलेले त्या काळचे दगड अजून जागोजागी जमिनीत रुतलेले दिसतात. १८८३ मध्ये बऱ्याच अंशी त्याच आखणीवर वाफेची गाडी आली. किंग टॉर या खडकाळ टेकडीजवळ वाटेच्या कडेला घडीव ग्रॅनाइटचे तोडे, म्हणजे बांधकामाला खालून आधार देणारे दगड, पडलेत. लंडन ब्रिज रुंद करायचं काम निघालं तेव्हा घडवलेले, पण कधी रवाना न झालेले.

ब्रिटनमध्ये ओसाड स्टेशन दिसलं की लोक ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांच्या नावानं बोटं मोडतात. त्यांच्या १९६३च्या अहवालानं २,३६३ स्थानकं आणि थांबे बंद करायला सुचवलं, हे खरं. पण प्रिन्सटाउनची गाडी त्याआधी सात वर्षं थांबली होती. लोहमार्ग सुमारे १७ किलोमीटरचा, सडक त्याहून बरीच जवळची, आणि वस्ती विरळ. बस आल्यावर गाडीत बसणार कोण? रेल्वे कंपनीनं भटक्यांच्या भरवशावर १९३६ मध्ये इन्ग्रा टॉरचा थांबाही काढून पाहिला. तिथली पाटी प्रसिद्ध आहे: सापांचं भय, कुत्री बांधून ठेवा! गिऱ्हाईक ओढायची ही तऱ्हा जरा अजबच.

आता डब्यांकडे. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं याच माळावरच्या क्रॅनमिअर पूल नावाच्या दुर्गम खळग्यापाशी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यानं आपलं नावाचं कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि नंतर येणारा ती नेऊन टपालात टाकायचा. त्यातून रबरी शिक्का आणि वहीचं लेटरबॉक्सिंग रुजलं: लपवलेला डबा शोधायचा आणि त्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा.

जिओकॅशिंग मात्र अमेरिकेतलं. २ मे २००० रोजी तिथल्या सरकारनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरची अनिश्चितता एका रात्रीत कितीतरी आटली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरनं ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ वस्तू भरलेली बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. गंमत अशी की कॅश, म्हणजे लपवलेला डबा, जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरायला आता नियमानं बंदी आहे. आज शिक्का ठेवलेल्या डब्याचा ‘लेटरबॉक्स हायब्रिड’ हा कॅशचा वेगळा प्रकारच मानला जातो.

पडक्या फलाटाची फट डबा लपवायला आयती जागा वाटते खरी. पण डार्टमूरच्या लेटरबॉक्सवाल्यांची आचारसंहिता भिंती, पडकी बांधकामं आणि पुरातन दगडी रचना वर्ज्य ठरवते. त्यामुळे स्टेशनाच्या नावाचा डबा शोधायला निघालेल्यानं आधी आजूबाजूच्या मोकळ्या खडकांच्या खाली बघावं.