पुनर्चक्रणातील लोकसहभाग : मानसिक व सामाजिक घटक

घरातील टाकाऊ वस्तू वेगळ्या करून पुनर्चक्रणासाठी देण्याची तयारी केवळ पर्यावरणाविषयीच्या आस्थेवर ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार कोणत्याही कृतीमागचा हेतू तिच्याविषयीचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ती आपल्याला जमेल हा विश्वास यांतून घडतो. दुसरा डबा ठेवायला जागाच नसलेल्या स्वयंपाकघरात हा विश्वास टिकणे अवघड असते.

शेजाराचा प्रभाव मोठा असतो. अमेरिकेतील ला व्हर्न या गावातील, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ वेस्ली शुल्ट्झ यांच्या प्रयोगात वस्तीतील इतर घरांच्या सहभागाची माहिती दारावर अडकवलेल्या कार्डांतून कळत गेली, तेव्हा कुटुंबांचा सहभाग वाढला.

महाराष्ट्रात रद्दीला सहसा कोणी कचरा म्हणत नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे नीट बांधून ठेवले जातात आणि रद्दीवाल्याच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते; त्याच घरातले वेफर्सचे पाकीट मात्र, भंगारवालाही त्याला भाव देत नसल्याने, खरकट्याबरोबर जाते. वस्तूला मिळणारा भाव हे वर्गीकरणाचे जुने आणि भक्कम कारण आहे. मात्र भाव नसलेल्या वस्तूंपुढे ते थिटे पडते.

तेथे ओळख उपयोगी पडते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या पुढाकारातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिच्या सभासद दारोदार कचरा घेऊ लागल्या. ओला-सुका एकत्र केलेला डबा कोणाला हाताने निवडावा लागणार आहे, हे रोज दारात येणाऱ्या व्यक्तीमुळे डोळ्यांसमोर राहते. याउलट, कचऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या दलित जातींवर लादले गेल्यामुळे त्याला हात लावणे कमीपणाचे मानणारी वृत्ती अजून गेलेली नाही, आणि जनजागृतीच्या फलकांवर तिचा उल्लेख क्वचितच असतो.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण घरावर बंधनकारक केले. तरीही वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्र ओतला जाताना एकदा दिसला, की ‘आपणच कशाला?’ हा प्रश्न पुढे कोणत्याही दंडापेक्षा प्रभावी ठरतो. शिवाय अनेक गृहसंकुलांत डबा प्रत्यक्षात भरते ती घरकामाला येणारी बाई, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरील सूचना तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.