निंटेंडोच्या मुळाशी बारा महिन्यांची फुलं

काडेपेटीएवढा पत्ता, पण चांगला जाड आणि कडक. त्यावर छत्री घेतलेला माणूस, वर विलोच्या लोंबत्या फांद्या, खाली एक बेडूक. हा माणूस म्हणजे दहाव्या शतकातला सुलेखनकार ओनो नो मिचिकाझे. उंच फांदी गाठायला बेडूक पुन्हा पुन्हा उडी मारत होता, ते पाहून त्याने सोडू घातलेला सराव परत सुरू केला, अशी जपानी आख्यायिका आहे. पत्त्यावर अंक नाही, अक्षर नाही. तरी खेळणाऱ्याला बघताक्षणी कळतं, हा अकरावा महिना.

या पत्त्यांना हानाफुदा म्हणतात. हाना म्हणजे फूल, फुदा म्हणजे पत्ता. २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत हेच पत्ते बनवायला दुकान काढलं. ते दुकान म्हणजे आजची व्हिडिओ गेम बनवणारी निंटेंडो. जपानचे सण-ऋतू आणि जपानचे व्हिडिओ गेम यांच्याकडे आपण जुनं आणि नवं अशी फाळणी करून बघतो. हानाफुदाचा इतिहास वाचल्यापासून मला ती फाळणी पटेनाशी झाली आहे.

या इतिहासाची वाट आपल्या गोव्यावरून जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत जपानला पोचत. १५४९ मध्ये कागोशिमाला उतरलेला फ्रान्सिस झेवियरही गोव्याहूनच निघाला होता. या व्यापाराबरोबर पत्ते जपानात गेले आणि पोर्तुगीज ‘कार्ता’चं जपानी ‘कारुता’ झालं. कॅट ४८ पानांचा. जपानी कारागीर तसे पत्ते स्वतः छापू लागले, आणि पत्त्यांमागोमाग जुगारही आला. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना जपानचे दरवाजे बंद झाले, पण पत्ते कुठले जातात! शोगुनांचं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशांचं, सरकार बंदी घाली, थोड्या दिवसांनी वेगळ्या चित्रांचा, वेगळ्या नियमांचा नवा कॅट बाजारात येई. या लपंडावातून पुढे अंक नसलेले फुलांचे पत्ते रूढ झाले. पानं तेवढीच राहिली, ४८. पूर्वी चार रंगांची बारा-बारा पानं होती, आता बारा महिन्यांची चार-चार झाली.

पहिल्या महिन्याला पाइन आणि क्रौंच, दुसऱ्याला प्लमचा मोहोर, तिसऱ्याला चेरी, नवव्याला शेवंती आणि साकेचा प्याला. दहाव्या महिन्यातलं हरीण मेपलखाली मान वळवून उभं आहे. एखाद्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करण्याला जपानी बोलीत ‘शिकातो’ म्हणतात, तो शब्द या तोंड फिरवलेल्या हरणावरून आल्याचं सांगतात. कोइ-कोइ या खेळात शेवंतीचा प्याला आणि चेरीखालचा पडदा हाती आले की फुलं बघत पिण्याची जोडी होते. तोच प्याला आठव्या महिन्यातल्या चंद्राबरोबर आला तर चंद्र बघत पिण्याची. म्हणजे फुलांखाली आणि चांदण्यात बसण्याचे दोन्ही रिवाज इथे चक्क गुण मिळवून देतात.

हे महिने मात्र जुन्या चांद्र पंचांगाचे. १८७३ च्या १ जानेवारीपासून जपानने युरोपीय दिनदर्शिका घेतली आणि जुनी कालगणना रोजच्या व्यवहारातून गेली. पत्त्यांवर ती टिकली. म्हणून आठव्या महिन्याचा तो चंद्र आता सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. २०२५ मध्ये जपानची त्सुकिमी, म्हणजे चंद्र बघण्याची रात्र, आणि आपली कोजागरी एकाच रात्री होती, ६ ऑक्टोबरला.

शोगुनांची सत्ता गेल्यावर आलेल्या मेइजी काळात बंदी उठली आणि यामाउचींचा जम बसला. तुतीच्या सालीच्या कागदाचे त्यांचे पत्ते जुगाराच्या अड्ड्यांवरही खपत. जपानी गुन्हेगारी टोळ्यांसाठीचा ‘याकुझा’ हा शब्दही पत्त्यांतलाच मानतात: या-कु-झा, म्हणजे आठ-नऊ-तीन. त्या खेळात बेरजेचा शेवटचा आकडाच मोजतात. बेरीज वीस, शेवटचा आकडा शून्य, हात फुकट. १९०२ मध्ये पत्त्यांवर कर बसला, त्याच वर्षी कंपनीने पाश्चात्त्य पत्तेही काढले. १९४९ मध्ये पणतू हिरोशी यामाउची ऐन विशीत प्रमुख झाले. त्यांच्या काळात १९५३ मध्ये प्लास्टिकचे पत्ते आले, मग खेळणी, आणि १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे घरी खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र.

२०२० मध्ये आलेल्या निंटेंडोच्याच ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या गेममध्ये उत्तर गोलार्धातल्या बेटावर १ ते १० एप्रिल चेरी फुलते. उडत्या पाकळ्या जाळीने पकडायच्या. नोव्हेंबरात मेपलची पानं अशीच गोळा करायची. हा गेम खेळणारी मुलं चेरीची वाट बघायला शिकतात, आणि ती चुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. हे ऋतुभान कंपनीने सजावट म्हणून बाहेरून आणलं असं मला वाटत नाही. तिच्या पहिल्या मालावरच ते छापलेलं होतं.

कंपनी हानाफुदा आजही विकते, नेपोलियनच्या चित्राच्या वेष्टनात. क्योतोजवळ उजी इथल्या ज्या कारखान्यात पूर्वी हे पत्ते बनत, तिथे २ ऑक्टोबर २०२४ रोजी निंटेंडोचं संग्रहालय उघडलं. एकीकडे जुन्या-नव्या गेमची गर्दी असते, आणि एका खोलीत लोक टेबलाशी बसून साच्यांवरून रंग फिरवत आपापले फुलांचे पत्ते तयार करत असतात.