जवसाचे जेल (घरगुती केशप्रसाधन)

जवसाच्या अख्ख्या बिया पाण्यात उकळल्या की त्यांच्या सालीतून एक बुळबुळीत, तार धरणारा द्रव सुटतो. तो गाळून केसांना लावण्यासाठी वापरतात, तेव्हा त्याला जवसाचे जेल म्हणतात. ओल्या केसांना लावून वाळू दिले की ते केसांचा आकार धरून ठेवते. कुरळे, नागमोडी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट वळणाचे केस असणाऱ्यांत ते विशेष लोकप्रिय आहे. घरी करता येणाऱ्या केशरचनेच्या प्रसाधनांपैकी हे सर्वांत स्वस्त, आणि नीट केले तर सर्वांत भरवशाचे. मात्र हा पदार्थ मुख्यतः पाणीच असल्याने उरलेल्या वरणभाताइतक्याच लवकर नासतो, आणि हे लक्षात न ठेवता केलेले जेल डोक्याला लावण्यात अर्थ नाही.

बी आणि तिचा बुळबुळीत थर

जवस किंवा अळशी हे रब्बी हंगामातले, निळ्या फुलांचे तेलबियांचे पीक. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने विदर्भात होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूरकडच्या घरांत जवस म्हटले की आधी चटणीच आठवते. जेलसाठी वेगळे बी लागत नाही, वाणसामानाच्या दुकानातले तपकिरी जवस चालतात. ते कच्चे आणि अख्खे असावेत. चटणीसाठी भाजलेले किंवा कुटलेले जवस इथे उपयोगाचे नाहीत. कुटलेल्या बियांतले तेल आणि कोंडा पाण्यात उतरतो, जेल खरखरीत होते आणि त्याला खवट वास येऊ लागतो.

बियांच्या वजनात सुमारे ४० टक्के तेल असते, पण जेलशी त्याचा संबंध नाही. जेल तयार होते ते सालीच्या सर्वांत बाहेरच्या पेशींतल्या बहुशर्करांपासून, म्हणजे अनेक शर्करा जोडून झालेल्या साखळ्यांपासून. त्यांत अरॅबिनोझायलन हा उदासीन आणि ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन हा आम्लधर्मी, असे दोन मुख्य प्रकार असतात. पाणी लागताच या लांबलचक साखळ्या फुगतात आणि पेशीचे बाहेरचे आवरण फोडून बाहेर पडतात. शेतात हाच थर बीभोवती ओल धरून ठेवतो आणि बी मातीला चिकटवतो. सब्जा, ईसबगोल आणि बिहीदाणा (बिही या फळाच्या बिया) यांचीही रीत हीच. गार पाण्यातही हा द्रव सुटतो, पण उकळत्या पाण्यात तो लवकर आणि अधिक प्रमाणात मिळतो.

जवसाच्या जेलमुळे केसांना ओमेगा-३ मिळते आणि केस भराभर वाढतात, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ओमेगा-३ मेदाम्ले तेलात असतात आणि अख्ख्या बिया गाळून काढल्या की ते तेल बियांबरोबरच बाहेर जाते. शिवाय डोक्याबाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा मृत तंतू असतो, त्याला अन्नासारखे पोषण घेता येत नाही. जेल केसांना वळण देते, गुंता आणि पिंजारलेपण कमी करते, चमक आणते. इतके काम पुरेसे आहे, त्याला औषध म्हणण्याची गरज नाही.

कृती

नेहमीचे प्रमाण म्हणजे पाव वाटी जवसाला दोन वाट्या पाणी. बिया निवडून एकदा झटपट धुवाव्यात. फार वेळ चोळून धुतल्यास हवा तो द्रवच वाहून जातो. रात्रभर भिजवल्या तर उकळण्याचा वेळ वाचतो, पण भिजवणे आवश्यक नाही. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी आणि बिया एकत्र ठेवून मध्यम आचेवर तापवाव्यात आणि सतत ढवळत राहावे, कारण बिया तळाला बसून लागतात. उकळी आल्यावर आच मंद करावी. थोड्या वेळाने वर पांढरा फेस जमू लागतो आणि पाण्याला दाटपणा येतो. उकळी आल्यापासून सात ते दहा मिनिटांत हे व्हायला हवे.

नेमके केव्हा थांबायचे, यातच सगळे कौशल्य आहे. पळी उचलली की द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरून ओघळू लागला पाहिजे. त्या क्षणी गॅस बंद करावा. पातेल्यात ते पातळ वाटले तरी काळजी नको, गार होताना ते आणखी घट्ट होते. पहिल्यांदा करणारी माणसे बहुधा इथेच फसतात. बाजारच्या जेलइतके घट्ट होईपर्यंत उकळत राहतात आणि मग तो गोळा कोणत्याही गाळणीतून उतरत नाही. असे झालेच तर अर्धी वाटी गरम पाणी घालून पुन्हा तापवावे.

गाळायचे ते गरम असतानाच, म्हणजे गॅस बंद केल्यावर दोन-चार मिनिटांत. चहाची स्टीलची गाळणी पातळ जेलसाठी चालते. घट्ट असेल तर मलमलचे धुतलेले फडके किंवा स्वच्छ नायलॉनचा पायमोजा घेऊन त्यात ते ओतावे आणि हाताला सोसवेल इतके निवल्यावर वरून खाली दाबत पिळावे. नायलॉन ताणले जात असल्याने पिळणे सोपे जाते. गाळल्यावर उरलेल्या बिया थोडे पाणी घालून आणखी एकदा उकळता येतात, पण दुसऱ्या खेपेचे जेल बरेच पातळ निघते.

जेल निवल्यावर त्यात काय घालायचे हे गरजेवर ठरते. वाटीभर जेलला अर्धा चमचा ग्लिसरीन घातले की केस वाळल्यावर फार कडक होत नाहीत. कोरफडीचा गर घालायचा असेल तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यावा, कारण त्यातल्या अ‍ॅलॉइनने त्वचेची आग होऊ शकते. तेल मात्र जेलमध्ये मिसळू नये. दोन्ही एकत्र धरणारा पदार्थ (पायसीकारक) नसताना तेल आणि पाणी एकजीव राहत नाहीत, आणि बाटलीत वर तवंग साचतो. तेल लावायचेच असेल तर ते वेगळे, दोन थेंब तळहातावर घेऊन लावणे बरे.

केस कसे धरले जातात

केसांचा आकार काही अंशी केराटिनच्या साखळ्यांमधल्या हायड्रोजन बंधांवर अवलंबून असतो. केस भिजले की हे बंध सुटतात, वाळले की ज्या स्थितीत केस असतील त्या स्थितीत पुन्हा जुळतात. ओल्या केसांवर लावलेल्या जेलमधले पाणी उडून गेले की बहुशर्करांचा एक पातळ पापुद्रा केसाकेसावर आणि शेजारच्या दोन केसांच्या मध्ये तयार होतो. तो नव्याने जुळलेली स्थिती धरून ठेवतो. म्हणून जेल कोरड्या केसांना न लावता न्हाणे झाल्यावर निथळत्या केसांना लावायचे असते. बटा करून, वरपासून टोकापर्यंत बोटांनी सारखे पसरवायचे, मुठीत धरून वर दाबायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात. मग तेच केस हलक्या हाताने चुरले की पापुद्र्याचा कडकपणा मोडतो आणि वळण राहते. खूप जेल लावले किंवा न जुळणाऱ्या क्रीमवर लावले तर पांढरे कण गळू लागतात. दोन्ही पदार्थ आधी तळहातावर एकत्र चोळून पाहिले की ते जुळतात की फाटतात हे लगेच कळते.

हवेतल्या दमटपणाचा या पापुद्र्यावर मोठा परिणाम होतो, कारण ज्या गुणामुळे तो पाण्यात फुगतो त्याच गुणामुळे तो हवेतली वाफही ओढतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात सकाळी बसवलेले केस दुपारपर्यंत सैल पडतात. तिथे ग्लिसरीन आणि मध टाळणे चांगले, कारण ते आणखी ओल खेचतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पापुद्रा टिकतो, पण केस कडक आणि रुक्ष वाटतात. एकच प्रमाण सगळ्या ऋतूंत आणि सगळ्या गावांत चालत नाही.

टिकवण

या प्रसाधनाविषयी सर्वांत जास्त चुकीचे सांगितले जाते ते इथे. भरपूर पाणी आणि विरघळलेल्या शर्करा असे मिश्रण जिवाणू आणि बुरशीला फार मानवते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले जेल दोन-तीन दिवसांत बिघडू शकते. उकळल्याने त्यातले बहुतेक जंतू मरतात हे खरे, पण गाळणी, फडके, बरणी आणि बोटे यांतून जंतू पुन्हा शिरतातच. आंबूस वास येणे, तार जाऊन पाण्यासारखे पातळ होणे, गढूळ दिसणे किंवा वर ठिपके येणे ही बिघडल्याची लक्षणे. मात्र जंतूंची संख्या वाढली तरी सुरुवातीला डोळ्यांना किंवा नाकाला काहीच कळत नाही.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की जेल टिकते, ही समजूत सर्वत्र आहे. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जिवाणूंना मात्र थांबवत नाही. लिंबाचा रस, चहाच्या झाडाच्या तेलाचे चार थेंब किंवा कडुलिंबाची पाने यांचाही भरवसा धरता येत नाही. खरे परिरक्षक, म्हणजे नासणे रोखणारे पदार्थ, म्हणून पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट वापरतात, पण ते आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतात. त्यासाठी सायट्रिक आम्लाने सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५ च्या खाली आणून तो कागदी पट्टीने तपासावा लागतो. वजनकाटा आणि सामूपट्टी नसेल तर या वाटेला न जाता थोडे थोडे करणे हाच शहाणपणा. बरणी आणि झाकण उकळत्या पाण्यातून काढावे, जेल फ्रिजमध्ये ठेवावे, ओल्या बोटाऐवजी स्वच्छ चमच्याने घ्यावे आणि आठवड्याभरात संपवावे. उरले तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येते. वापराच्या आदल्या रात्री एकेक वडी फ्रिजमध्ये विरघळू द्यावी. विरघळल्यावर ते किंचित पातळ होते.

जवसाची अ‍ॅलर्जी क्वचित दिसते, तरी पहिल्या वापराआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर वाट पाहावी. टाळूला जखम, खाज किंवा बुरशीचा त्रास असताना घरचे कोणतेच जेल टाळूपर्यंत नेऊ नये.

पूर्वपीठिका

केस बसवण्याचे जगभरचे जुने उपाय दोन वाटांनी आले आहेत. एक वाट स्निग्ध पदार्थांची, दुसरी डिंक आणि बियांच्या बुळबुळीत द्रवाची. पहिलीचे पुरावे प्राचीन आहेत. इजिप्तमधल्या दाखला ओॲसिस भागातल्या ममींच्या केसांवर मेदयुक्त लेप असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात २००३ साली दलदलीत सापडलेल्या लोहयुगातल्या पुरुषाच्या उभ्या बांधलेल्या केसांत वनस्पतितेल आणि पाइनची राळ आढळली.

महाराष्ट्राची रीत याच पहिल्या वाटेवरची. खोबरेल लावून चापूनचोपून घातलेली वेणी, अंबाडा किंवा खोपा यांना वेगळे जेल कधी लागले नाही. कुंकू टिकावे म्हणून कपाळावर लावायचे मेण घरोघरी होते. मधमाशांचे मेण आणि खोबरेल यांचे ते मिश्रण आजच्या पोमेडच्या, म्हणजे केस बसवायच्या मेणकट लेपाच्या, अगदी जवळचे आहे. एक भाग मेण आणि तीन-चार भाग तेल वितळवून गार केले की घरगुती पोमेड तयार होते. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल किंवा मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावतात. ते साध्या तापमानाला घट्ट राहत असल्याने अशा पोमेडमध्ये खोबरेलापेक्षा चांगले बसते, कारण खोबरेल सुमारे २५ अंशांना वितळते. पोमेडमध्ये पाणी नसल्याने ते महिनोन्‌महिने टिकते. पण ते धुऊन काढायला कष्ट पडतात, आणि कुरळ्या केसांची बट ते जेलसारखी धरत नाही.

दुसऱ्या वाटेवर युरोपात एकोणिसाव्या शतकात ‘बँडोलिन’ नावाचा द्रव प्रचलित झाला. तो बिहीदाणा किंवा ट्रॅगाकांथ डिंक भिजवून करीत आणि तो नासू नये म्हणून त्यात मद्यार्क घालत. म्हणजे टिकवण्याचा प्रश्न तेव्हाही होताच. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत ओल्या केसांवर बोटांनी लाटा पाडण्याची फॅशन आली, तेव्हा सलूनमध्ये जवस आणि कराया डिंकाचे द्रव वापरात होते. कराया डिंक कांडोळ या झाडाचा, आणि तो भारतातून निर्यात होई. सातपुड्याच्या पट्ट्यातही ही पांढुरक्या सालीची झाडे आहेत. १९५० च्या दशकापासून हेअरस्प्रेमध्ये पॉलिव्हिनिलपायरोलिडोन हे कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) आले आणि वनस्पतिज द्रव मागे पडले.

त्यांचे पुनरागमन घडवले ते मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी. रसायनांनी केस सरळ करणे सोडून जन्मजात वळण राखण्याची चळवळ २००० नंतर तिथे जोरात वाढली. बाजारात त्या केसांजोगे फार थोडे होते, म्हणून स्वयंपाकघरातले प्रयोग यूट्यूबवरून एकमेकींना दाखवले गेले आणि जवसाचे जेल त्यात अग्रभागी होते. भारतातल्या कुरळ्या केसांच्या मुलींपर्यंत ते याच मार्गाने पोहोचले. जवस पिकवणाऱ्या प्रदेशात जवसाचा हा उपयोग असा दूरवरून यावा, याची नोंद घ्यायलाच हवी. ज्यांनी तो जिवंत ठेवला त्यांचे श्रेय पुसले जाऊ नये.

इतर बुळबुळीत पदार्थ

भेंडी उकळून असेच जेल मिळते, ते अधिक निसरडे असते पण वळण कमी धरते. कोकणात न्हाताना वापरली जाणारी जास्वंदीची पाने कुस्करून निघणारा द्रव गुंता सोडवायला उत्तम, आकार धरायला अपुरा. मेथीदाण्यांतल्या गॅलॅक्टोमॅननमुळे जेल चांगले दाटते, मात्र त्याचा वास धुतल्यावरही केसांत राहतो. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ केस ताठ करते, पण वाळल्यावर तिची पांढरी पूड सुटते. साखरेच्या पाण्याने केस घट्ट बसतात, आणि घाम आला की चिकट होतात.

विक्री

स्वतःच्या वापरासाठी जेल करायला परवाना लागत नाही. विकायचे ठरवले की ते कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० तसेच सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. उत्पादनासाठी राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. घटक, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत वेष्टनावर छापावी लागते. ‘परिरक्षकविरहित, सहा महिने टिकणारे’ असे लिहिलेले पाणीदार जेल कोणी विकत असेल तर ते घेऊ नये.