पिठ्या, पण कुठला?

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस चिकटलेला दिसला की आपण 'मिलीबग पडला' म्हणून मोकळे होतो. सीताफळाच्या खाचांत दिसला तरी मिलीबग, द्राक्षाच्या घडात दिसला तरी मिलीबग. एकट्या सीताफळावरच तीन-चार वेगळ्या जातींचे पिठ्या ढेकूण सापडतात. पिठासारखं मेण सगळ्यांच्या अंगावर असतं, त्यामुळे लांबून ते एकसारखे दिसतात, एवढंच.

'पिठ्या ढेकूण' हे नाव ज्या कुणी ठेवलं त्याची नजर पक्की होती. आपल्या खाटेतला ढेकूण, मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि हा पिठ्या, सगळे एकाच गणातले. सगळ्यांचं तोंड सुईसारखं, टोचून शोषणारं. याच गणात पिठ्या आणि खवले किडी (अंगावर खवल्यासारखं आवरण असलेल्या, खोडा-पानांना चिकटून राहणाऱ्या) मिळून एक मोठं घराणं आहे. आजवर त्यात 8,000 हून जास्त जातींची नोंद झाली आहे.

एवढ्या जाती ओळखायच्या कशावरून? फुलपाखराला पंखांवरची नक्षी असते, भुंगेऱ्याला शिंगं असतात. या घराण्यातल्या मादीकडे यातलं काही नसतं. तिला पंख फुटतच नाहीत. डोकं, छाती, पोट यांच्या सीमा पुसलेल्या असतात. अनेक जातींत तर ती मोठी होताना पायही गळून जातात आणि ती खोडाला चिकटलेला एक ठिपका होऊन राहते. नराला पंख असतात, पण तोंड नसतं; तो काही तासांत किंवा फार तर चार-दोन दिवसांत मरतो आणि हाती लागणं कठीण. म्हणून या घराण्यातली जवळजवळ सगळी ओळख वयात आलेल्या मादीवर बेतलेली आहे.

पहिली चाचणी घरीही करता येते. एक टाचणी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खोडावरच्या खवल्याच्या कडेखाली टाचणी घालून तो हळूच उचला. खवला टोपीसारखा सुटला आणि खाली पिवळट, मऊ जीव उघडा पडला, तर ती कठीण कवचाची खवले कीड. उसाच्या पेरांवर राखाडी थर धरणारी याच गटातली. ही टोपी तिनं स्वतः विणलेली असते: मेण, आणि त्यात वाढीच्या काळात टाकलेल्या स्वतःच्या काती. भिंगातून पाहिलं तर त्या काती कवचाच्या मधोमध किंवा एका टोकाला टिकलीसारख्या दिसतात. टिकली कुठे आहे आणि कवच गोल की लांबट, एवढ्यावरून अर्धं काम होतं. याउलट, टोचल्यावर खवला सुटला नाही, सगळा जीवच चिरडला, तर ती मऊ खवले कीड. तिथे खवला म्हणजे तिचीच पाठ.

दुसरी खूण पानावर सापडते. पान चिकट लागतं का? वर काजळी धरली आहे का? मुंग्यांची ये-जा आहे का? मऊ खवले आणि पिठ्या झाडाच्या रसवाहिन्यांतून गोड रस ओढतात आणि जास्तीची साखर बाहेर टाकतात, तोच आपला चिकटा. कठीण कवचाच्या किडी रसवाहिनीवर न जाता पेशींतला रस शोषतात, त्यामुळे त्यांचा चिकटा नसतो.

पिठ्यांमध्ये भिंगानं बरंच कळतं. पाठीवर दोन गडद पट्टे, मागे दोन लांब मेणाच्या शेपट्या आणि अंगभर काचेच्या तंतूंसारखे केस, हा पट्टेरी पिठ्या. पिठाच्या थरातून पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या डोकावत असतील तर कपाशीचा पिठ्या. चिरडल्यावर आतला रस गुलाबी-लालसर निघाला तर द्राक्षावरचा गुलाबी पिठ्या असण्याची शक्यता मोठी. पपईच्या पिठ्याची गंमत वेगळीच: अंग पिवळं, पण अल्कोहोलमध्ये टाकला की निळसर काळा पडतो. 2008 साली तो भारतात पहिल्यांदा कोइम्बतूरकडे दिसला, पुढे महाराष्ट्रातही आला. त्याची जात नक्की झाली होती, म्हणूनच 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावरच जगणारी चिमुकली गांधीलमाशी आणता आली.

पण या खुणा म्हणजे अंदाज. खात्रीसाठी मादीला पोटॅशच्या द्रावणात तापवतात, आतलं सगळं विरघळवून काढतात, उरलेली पातळ कातडी गुलाबी रंगवून काचपट्टीवर पसरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या कातडीचा नकाशा उलगडतो. मेण जिथून पाझरतं ती छिद्रं काही तीन कप्प्यांची, काही पाच, काही त्याहून जास्त. मेणाच्या नळ्यांची तोंडं कुठे साधी, कुठे कडं असलेली. पपईच्या पिठ्यात अशी कड्यांची तोंडं पाठीवर फक्त कडेकडेनं असतात. मिशांचे खंड मोजायचे, मागच्या पायावर पारदर्शक छिद्रं आहेत का ते पाहायचं. दोन-तीन मिलिमीटरच्या जिवावर एवढा मजकूर लिहिलेला असतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

तो मजकूर न वाचण्याची किंमत मोठी असते. 1795 मध्ये ब्राझीलहून एक कीड भारतात आणली गेली. लाल रंग देणारी खरी किरमिजी कीड मिळाली, असा आणणाऱ्यांचा समज होता. ती तिची रानटी बहीण निघाली. रंग हलका, म्हणून धंदा बुडाला. कीड मात्र एका जातीच्या फड्या निवडुंगावर तुटून पडली आणि तो निवडुंग मैलोगणती साफ झाला. किडीनं तण हटवल्याचं हे जगातलं सुरुवातीचं उदाहरण मानतात, पण ते घडलं चुकीनं. आणि फरक तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा होता: खऱ्या किरमिजी किडीवर मेणाची बारीक भुकटी असते, रानटीवर कापसासारखे तंतू.

आपल्या साबुदाण्याशी जोडलेली गोष्ट त्याहून बोलकी आहे. साबुदाणा ज्या कंदाचा बनतो त्या कसाव्यावर 1970 च्या दशकात आफ्रिकेत एक पिठ्या पसरला आणि लोकांच्या ताटातलं अन्न घटू लागलं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात तसाच पिठ्या सापडला, त्याचे शत्रू आफ्रिकेत नेऊन सोडले, पण ते तिथे टिकेनात. कारण ती जातच वेगळी होती. 1981 मध्ये दोन्ही जाती वेगळ्या ठरल्या: आफ्रिकेतला गुलाबी, उत्तरेचा पिवळा. त्याच वर्षी खरा पिठ्या पॅराग्वेमध्ये सापडला आणि त्याच्यासोबत त्याची गांधीलमाशीही. ती आफ्रिकाभर सोडण्याचं काम उभं करणाऱ्या हान्स हेरेन यांना 1995 चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. 2020 मध्ये हाच पिठ्या केरळात आढळला. या वेळी नाव आधीच ठाऊक होतं. 2022 मध्ये साबुदाण्याचं माहेर असलेल्या सेलम भागात तीच गांधीलमाशी सोडली गेली.

गुलाबी आणि पिवळा हा फरक काचपट्टीवर उरत नाही. पोटॅश तो धुऊन नेतो. म्हणून कृषी विज्ञान केंद्रात नमुना नेणार असाल तर कीड खरवडून काढू नका, तोंडाची सुई झाडातच तुटून राहते. डहाळीसकट कापा. किडी असलेला एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा, एक ताजाच कागदात गुंडाळा, आणि चिठ्ठीवर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख आणि जिवंतपणी दिसलेला रंग लिहा.