नौकेवरील उपग्रह इंटरनेट: उपकरणाची निवड आणि परवान्याचा अर्ज

नौकेवर उपग्रह इंटरनेट हवे असणारे अनेक मालक आधी डिश विकत घेतात आणि परवान्याची चौकशी नंतर करतात. हा क्रम उलटा असावा, कारण उपग्रहाकडे संदेश पाठवणारे प्रत्येक टर्मिनल (डिश आणि तिला जोडलेले उपकरण) हे कायद्याच्या दृष्टीने रेडिओ प्रक्षेपण करणारे केंद्र असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील कलम 18 प्रमाणे असे केंद्र सरकारी परवान्याशिवाय कोणत्याही खासगी व्यक्तीला चालवता येत नाही. नौकेच्या बाबतीत हे सरकार म्हणजे ध्वजदेशाचे, अर्थात ज्या देशात नौका नोंदली आहे त्या देशाचे. मालक कुठला रहिवासी आहे किंवा डिश कुठे विकत घेतली, यावर ते ठरत नाही.

म्हणून अर्जाची पात्रता नौकेच्या नोंदणीपासून सुरू होते. नोंदणी मुदतीत असावी आणि अर्जदार हा नोंदलेला मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती असावी. काही देशांत सेवा कंपनीलाच सर्व ग्राहक टर्मिनलांसाठी एकत्रित परवाना दिलेला असतो आणि मालकाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. मात्र तो परवाना चालत्या नौकेला लागू आहे की फक्त जमिनीवरच्या स्थिर टर्मिनलांना, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण परक्या बंदरात तपासणीच्या वेळी ते उपयोगी पडत नाही.

कागदपत्रांमध्ये साधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, मालकाची ओळख, नौका कंपनीच्या नावावर असल्यास अधिकारपत्र, सेवा करार आणि उपकरणाचे प्रकार-मान्यता प्रमाणपत्र, म्हणजे ते मॉडेल तांत्रिक नियमांत बसते असा दाखला, मागितले जाते. नौकेला आधीच रेडिओ परवाना असेल तर त्यावरील कॉल साइन (रेडिओवरील नौकेचे ओळखनाम) आणि 9 अंकी एमएमएसआय क्रमांक (नौकेच्या रेडिओ उपकरणांचा ओळख क्रमांक) अर्जात लिहावा लागतो. अशा वेळी नवा परवाना न काढता जुन्या परवान्यातील उपकरणांच्या यादीत दुरुस्ती करून मिळण्याचीही शक्यता असते. अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे उपकरणाचा तपशील: निर्मात्याचे नाव, मॉडेल, प्रक्षेपणाची वारंवारता, शक्ती आणि अँटेनाचा आकार. यातील मॉडेल नंतर बदलले तर दुरुस्तीचा अर्ज पुन्हा करावा लागू शकतो, आणि म्हणूनच उपकरणाची निवड अर्ज भरण्यापूर्वी विचारपूर्वक पक्की करावी.

निवड करताना पहिला प्रश्न नौका कुठे जाणार हा आहे. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारे, उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे संदेशाच्या जाण्यायेण्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि ध्रुवांजवळ ते क्षितिजाखाली जातात. स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर असल्याने विलंब फार कमी होतो आणि वेग चांगला मिळतो, पण त्यांच्या कु-बँड या उच्च वारंवारतेच्या लहरींना मुसळधार पावसाचा त्रास होतो. इरिडियम या दुसऱ्या सेवेची 66 उपग्रहांची साखळी ध्रुवांसह सर्वत्र पोहोचते आणि एल-बँड या कमी वारंवारतेच्या लहरींमुळे पावसातही टिकते, मात्र तिचा वेग कमी आहे. खुल्या समुद्रात जाणाऱ्याने स्वस्त योजनेवर समाधान मानण्याआधी ती योजना किनारा सोडल्यावरही चालते का, हे करारात वाचावे.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि छोट्या शिडाच्या नौकेवर तोच निर्णायक ठरतो. सरासरी 60 वॅट घेणारी डिश दिवसरात्र चालू ठेवली तर 1440 वॅट-तास लागतात, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 120 अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये असे धरले, तर केवळ एका दिवसासाठी 240 अँपिअर-तासांची बॅटरी हवी. इन्व्हर्टरमध्ये होणारी गळती यात धरलेली नाही, त्यामुळे थेट डीसीवर चालणारे मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावे.

जागेचा आराखडाही अर्जाआधी काढून ठेवावा. डिशला आकाश मोकळे दिसावे, डोलकाठी व शीड आड येऊ नये, ती रडारच्या झोताच्या पातळीत नसावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या सुरक्षित अंतराच्या आत माणसांचा वावर नसावा.

ध्वजदेशाचा परवाना हाती आला तरी परक्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे आधाररेषेपासून (साधारणपणे ओहोटीच्या किनाररेषेपासून) 12 सागरी मैलांपर्यंत, त्या किनारी देशाचे नियम पाहावेच लागतात. काही देशांत परवानगीशिवाय उपग्रह उपकरण बाळगणे हाही गुन्हा आहे. कु-बँडमध्ये भूस्थिर उपग्रहांशी जोडल्या जाणाऱ्या नौकांवरील केंद्रांसाठी 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेने किनाऱ्यापासून 125 किलोमीटरची मर्यादा घातली असून तिच्या आत प्रक्षेपणासाठी संबंधित देशांची पूर्वसंमती लागते. जिथे परवानगी नाही तिथे पोहोचण्यापूर्वी उपकरण बंद करून तशी नोंद नौकेच्या रोजनिशीत करावी. परवान्याची प्रत, उपकरणाचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती नौकेवरच ठेवावी, कारण सीमाशुल्क अधिकारी तेच विचारतात.

हा परवाना संकटकालीन उपकरणांची जागा घेत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. इंटरनेटवरून केलेला फोन वीज गेली की बंद पडतो. 406 मेगाहर्ट्झवरचा ईपर्ब, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणारे उपकरण, स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि उपग्रहांमार्फत बचाव केंद्राला नौकेची ओळख कळवतो. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. नौका विकताना ही नोंदणी आणि इंटरनेटचा परवाना, दोन्हींवरील मालकाचे नाव बदलून घ्यावे किंवा परवाना परत करावा.